वेगळ्या निळ्याची पट्टी

आता तुम्हीच सांगा, पोरगी उंच झाली तर त्यात पोरीचा काय दोष? खाल्लेलं अंगी लागलं, हाडं लांबली, झालं. दुसऱ्या एखाद्या घरात कौतुक झालं असतं. पण शिडीची आई तिला मधूनच दाराच्या चौकटीशी उभी करायची, वरपासून खालपर्यंत बघायची आणि कपाळाला हात लावायची. "पुन्हा?" एवढंच म्हणायची. पोरीनं मुद्दाम काहीतरी फोडून ठेवावं, तसा तो सूर.

शिडी हे नाव अर्थातच शाळेनं ठेवलेलं. लहान होती तोवर ती चारचौघींसारखीच होती. मग एकदा जी वाढीला लागली ती थांबायचं नाव घेईना. वर्गाच्या फोटोत ती शेवटच्या रांगेत, मुलांच्याही मागे, आणि तिथेही फोटोवाला म्हणायचा, बाळ, जरा गुडघ्यात वाक. स्वभावानं लाजाळू होती म्हणाल तर मुळीच नाही. घरी तिची जीभ अशी चालायची की आई हात जोडायची. शाळेत मात्र आपण जितके कमी दिसू तितकं बरं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. एवढी उंच मुलगी कमी दिसणार कशी, हे तिलाही ठाऊक होतं, पण प्रयत्न सोडत नव्हती.

आई शिवणकारखान्यात होती. कारखाना म्हणजे शाळेच्या मागच्या गल्लीतली एक लांबलचक खोली. दोन्ही भिंतींना मशिनी, वर ट्यूबलाइटी, मधल्या टेबलावर कापडाचे तागे आणि एका टोकाला एकच खिडकी. शाळेचे गणवेश तिथेच शिवले जायचे. मालक शाळेच्या ऑर्डरवर जगायचा आणि बायका मालकावर. आपल्या पोरीचा स्कर्ट शिवताना आईनं आतून भरपूर दुमड ठेवली होती. पोरगी वाढली की शिलाई उसवायची, थोडं कापड खाली सोडायचं, पुन्हा टीप मारायची. जिथून दुमड सुटली तिथे घडीची रेघ उरायची ती इस्त्रीनंही जायची नाही. शिडीच्या स्कर्टवर अशा रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या. शाळेचं शेवटचं वर्ष उजाडलं आणि दुमड संपली. पोरगी काही संपायला तयार नव्हती.

नवा घ्यावा, असं तुम्ही म्हणाल. तेही करून झालं होतं. गणवेशाची मापं शाळेनं ठरवून दिलेली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं माप शिडीच्या गुडघ्याच्या वर राहायचं. त्याच्या पुढचं माप कारखान्यात कापतच नव्हते, कारण शाळेनं ते सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे बघा, शाळेचा स्कर्ट शाळेच्याच नियमात बसत नव्हता. हे पीटीच्या बाईंच्या कानावर घालायला आई एकदा गेली होती. बाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. आई परत आली आणि दोन दिवस तेच वाक्य चिडून चिडून म्हणत राहिली, पण घरातच.

नियम असा की स्कर्ट गुडघ्याखाली हवा. ठीक आहे, असतो एखाद्या शाळेचा नियम. पण तो मोजायची त्यांची रीत ऐकाल तर तळपायाची आग मस्तकात जाईल. दर सोमवारी सकाळी सगळी शाळा सभागृहात जमायची, मुलं एका अंगाला, मुली दुसऱ्या अंगाला. पीटीच्या बाई गळ्यातली शिट्टी फुंकायच्या आणि म्हणायच्या, "मुली, खाली." की सगळ्या मुलींनी फरशीवर गुडघे टेकून ताठ राहायचं. स्कर्टची कड फरशीला लागली तर पास. नाही लागली तर बाई खांद्यावर बोट टेकवायच्या, आणि त्या मुलीनं सगळ्यांदेखत उठून दारापाशी जायचं, तिथून घरी.

आणि मुलं? मुलं उभी. कुणाचे केस कॉलरवर आले असले तर बाई त्याच्या जवळ जाऊन हळूच सांगायच्या, उद्या कापून ये हं. वरच्या वर्गातले काही टगे तर सोमवारची वाटच बघायचे. समोर सगळ्या मुली गुडघ्यांवर, मग काय, एकमेकांना कोपरं मारायची, खुसुखुसु हसायचं. बाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. त्या मुलींनाच ऐकवायच्या, म्हणून तर म्हणते, कपडे नीट घालत जा. पिढ्यान् पिढ्या मुली बसल्या, उठल्या, शाळा सोडून गेल्या. कुणी ब्र काढला नाही.

याला आणखी एक शेपूट होतं. ज्या मुलीला वर्षात तीनदा घरी पाठवलं तिला शेवटच्या परीक्षेला बसता येत नसे. शिडीच्या जिवाला घोर होता तो याचा. परीक्षा नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर तंत्रशाळेचं दार बंद. तंत्रशाळेत जायचं तिनं केव्हाच ठरवलं होतं. कारखान्यात आईच्या शेजारची मशीन रिकामी होती आणि मालकानं दोनदा सुचवूनही झालं होतं की पोरगी हाताशी आली आहे, बसव तिला. शिडीला मशिनीचं वावडं नव्हतं. कारखान्यातली मशीन अडली की बायका तिलाच हाक मारायच्या. पण तिला मशीन चालवायची नव्हती, उघडून बघायची होती. जन्मभर निळे स्कर्ट शिवत बसणं तिला नको होतं.

लवंगी तिची मैत्रीण. हेही शाळेनंच ठेवलेलं नाव. अंगानं एवढीशी, बेंचवर बसली तर पाय जमिनीला टेकायचे नाहीत, पण बोलायला लागली की समोरच्याला ठसका लागायचा. तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं आणि गावभरच्या गप्पा ऐकत ती तिथेच वाढली होती. पोरगी पुढे वाढेल म्हणून तिच्या आईनं मोठा स्कर्ट घेऊन ठेवला, आणि लवंगी वाढलीच नाही. स्कर्ट तिच्या पोटऱ्यांवर लोळायचा. सोमवारी गुडघे टेकले की निम्मा स्कर्ट फरशीवर पसरायचा आणि ती त्यात बुडून जायची. दोघी शेजारी शेजारी चालायला लागल्या की लोक थांबून बघायचे. लवंगी त्यांना विचारायची, काय, तिकीट काढलंय का?

तर त्या वर्षी शिडी पहिल्यांदा घरी गेली ती परीक्षेला बरेच महिने असताना. आईला धडकी भरली. तिनं ठरवलं, स्कर्टला खालून पट्टी जोडायची. कारखान्याच्या मागच्या दाराशी कात्रणांचं पोतं असायचं, त्यात नव्या ताग्याचे लांब तुकडे होते. कारखान्यातल्या नव्या पोरीलासुद्धा पहिल्या दिवशी सांगतात की रंग जुळवायचा तो खिडकीशी, ट्यूबलाइटखाली कधी नाही, कारण ट्यूबलाइटखाली सगळे निळे सारखेच दिसतात. आईनं आजवर कितीतरी पोरींना हे बजावलं असेल. पण त्या दिवशी कामाची पाळी सुटली तेव्हा खिडकी काळी पडलेली, पोरीचा स्कर्ट उद्या हवा, डोक्यात घोर. तिनं तिथेच दिव्याखाली तुकडा स्कर्टला लावून पाहिला, दोन्ही एकच वाटले, आणि झकास पट्टी जोडली. टाक्यात खोट काढायला जागा नव्हती.

सकाळी शिडी शाळेच्या आवारात उन्हात आली आणि तिनं खाली पाहिलं. स्कर्ट धुऊन धुऊन विटलेला आणि पट्टी कोरी करकरीत, जांभळ्याकडे झुकणारी. मैलभरावरून कुणीही सांगावं की इथं काहीतरी जोडलंय. लवंगी म्हणाली, कोण बघतंय? पण बघणारं होतंच. सोमवारी कड फरशीला व्यवस्थित टेकली, आणि तरीही बाईंचं बोट शिडीच्या खांद्यावर आलं. ही पट्टी कसली? गणवेशात फेरफार चालणार नाही.

आखूड होता तेव्हा आखूड म्हणून घरी. लांब केला तर लांब केला म्हणून घरी. याला न्याय म्हणायचा का? शिडी दाराकडे चालत गेली तेव्हा मुलांच्या बाजूनं कुणीतरी शिट्टी मारली. ती रडली नाही, पण तिचे कान जे तापले ते संध्याकाळपर्यंत गार झाले नाहीत. आई स्कर्ट खिडकीशी घेऊन गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. कारखान्यातल्या कुणीही करू नये अशी चूक आपण आपल्याच पोरीच्या बाबतीत केली, हे तिला फार लागलं.

पुढच्या सोमवारी शिडी तापाचं निमित्त करून घरी राहिली. लवंगी शाळेत गेली ती खाली पट्टी जोडून. आधीच पोटऱ्यांवर लोळणारा स्कर्ट, त्याला वीतभर पट्टी, तीही स्वतःच्या हातानं, धावदोऱ्याचे हे एवढाले टाके. घोट्याखाली झालर ओढत ती सभागृहात आली. पीटीच्या बाईंनी विचारलं, तुला कशाला लागतेय पट्टी? लवंगीनं सरळ चेहऱ्यानं सांगितलं, पुढेमागे वाढेन म्हणते. सगळं सभागृह हसलं, आणि लवंगी घरी.

ही बातमी घेऊन ती टेचात शिडीकडे आली. तिला वाटलं शिडी तिला मिठी मारेल. शिडी भडकली. तुला काय जातंय नाटकं करायला, म्हणाली. माझं अजून एकदा झालं की माझी शाळा संपली, आणि तू वर माझ्याच पट्टीचा तमाशा मांडलास. बाई आता डूख धरून बसतील. मी तुला सांगितलं होतं का माझ्यासाठी काही कर म्हणून?

लवंगी चपला शोधायला वळली. मग म्हणाली, "तुझ्यासाठी कुणी केलंय? माझा स्कर्ट तर कायम टेकतो. तरी मी दर सोमवारी खाली बसते ना, त्या टग्यांच्या समोर. मला आता नाही बसायचं. तुला बसायचं असेल तर बस."

आणि चपला घालून निघून गेली. आठवडाभर दोघी बोलल्या नाहीत. एकाच बेंचवर बसून न बोलणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. शिडी आतून धुमसत होती, आधी लवंगीवर, मग स्वतःवर. तिला वाटत होतं, आपण एवढे महिने स्कर्ट किती लांब हवा याचाच विचार करत बसलो. कापड कमी आहे, पट्टीचा रंग चुकला, हाच घोर. मुळात खाली का बसायचं, हे आपल्या टाळक्यात आलंच कसं नाही? लवंगीच्या आलं. याचा तिला रागही आला आणि लवंगीबद्दल अभिमानही वाटला, आणि कुठला जास्त ते तिचं तिला कळेना.

दुकान बंद असायचं त्या दिवशी शिडी लवंगीच्या दारात जाऊन उभी राहिली. पाठीवर कात्रणांचं पोतं. कारखान्याच्या मागच्या दाराशी भंगारवाल्यासाठी ठेवलेलं, ते तिनं उचलून आणलं होतं, कुणाला न विचारता. लवंगीनं पोत्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं आणि बाजूला सरून वाट दिली. भांडण मिटलं ते असं. माफीबिफी कुणी मागितली नाही.

लवंगीनं आधीच वर्गातल्या पोरींच्या कानांना लागून ठेवलं होतं. एकेक करत दुकान भरलं. केस कापायच्या खुर्च्यांवर पोरी, हात्यांवर पोरी, खाली वर्तमानपत्रांवर पोरी, समोर आरसे, आणि सगळ्यांच्या मांडीवर स्कर्ट. निम्म्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. शिडी एकीकडून दुसरीकडे फिरत टाके दाखवत होती. लवंगीचे वडील मधेच डोकावले, त्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाले की मी काही पाहिलं नाही, फक्त कात्र्या जागच्या जागी ठेवा. मॉनिटरसुद्धा आली होती. बाईंची लाडकी, नाकासमोर चालणारी, हिला कुणी बोलावलं म्हणून दोघीतिघींनी डोळेही वटारले. तिनं सगळ्यांत बारीक पट्टी लावली, अगदी बोटभर, पण लावली.

सोमवारी सभागृहात मुलींची बाजू खालून जांभळट निळी दिसत होती. काही मुलांनी थट्टेत विजारींना पट्ट्या लावल्या होत्या, त्यांचं सोडा. पीटीच्या बाईंनी शिट्टी फुंकली. "मुली, खाली."

कुणी बसलं नाही.

बाईंना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली. एक-दोन लहान मुली गोंधळून वाकल्या, त्यांना शेजारणींनी दंडाला धरून सरळ केलं. बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. शिडी उभी होती, आणि मागच्या रांगेत उभी असूनही सगळ्यांना दिसत होती. लवंगीनं तिच्या मनगटाला इतकं घट्ट धरलं होतं की तिथे वळ उठले.

शेवटी बाईंनी सगळ्यांना उभ्याउभ्याच वर्गात धाडलं, आणि तो आनंद दिवसभर टिकला. मग घराघरांत फोन गेले. आयांनी उसासे टाकले, बापांनी आवाज चढवले, शेवटच्या वर्षाला हे काय सुचलंय म्हणून झापलं. पट्ट्या उसवल्या गेल्या. मॉनिटरची पहिल्यांदा. आठवडा संपेपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. खाली बसायला मात्र अजूनही कुणी तयार नव्हतं, म्हणून शाळेनं नवीन टूम काढली, सोमवारची तपासणी बंद आणि परीक्षेच्या दिवशी दारातच तपासणी. परीक्षा म्हटल्यावर कोण अडून बसेल?

आणि शिडीला तिसऱ्यांदा घरी पाठवलं. सगळ्या उभ्या होत्या, पण नाव तिचंच लागलं, कारण पट्टी तिच्यापासून सुरू झाली. कात्रणांचं पोतं कुठून आलं तेही बाहेर फुटलंच. मालकानं आईला बोलावून सांगितलं, पोरीला आवर घाल, शाळेची ऑर्डर गेली तर आपण सगळेच माशा मारत बसू. आईनं घरी येऊन शिडीला जे बोलायचं ते बोलून घेतलं. लवंगीलाही सोडलं नाही. तिच्या बापाचं दुकान आहे, म्हणाली, तिला काय फरक पडतो, रस्त्यावर आपण येऊ.

मग मोठ्या बाईंनी मायलेकींना बोलावणं धाडलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पीटीच्या बाईंसारख्या त्या ओरडत नसत. त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टेबलावर एक नवा स्कर्ट ठेवला. लांब, खास शिवून घेतलेला. आईनं तो हातात न घेताच ओळखला. तिनंच शिवला होता. मालकानं एकाच नगाचं काम आणून दिलं होतं तेव्हाच एवढं लांब माप कुणाचं असणार हे तिनं जाणलं होतं, आणि आता सगळं सुरळीत होणार म्हणून तिनं तो जीव ओतून शिवला होता. शिडीला यातलं काही सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाई गोड शब्दांत म्हणाल्या की शाळेला तिचं वाईट करायचं नाही. हा स्कर्ट तिचाच. परीक्षेलाही बसू देऊ. फक्त परीक्षेच्या दिवशी तपासणीला तिनं सगळ्यांच्या आधी यायचं आणि गुडघे टेकून दाखवायचं, की मग बाकीच्याही मुकाट्यानं ऐकतील. एक मिनिटाचं काम आहे.

शिडीनं स्कर्टकडे पाहिलं. हवं होतं ते सगळं त्या टेबलावर होतं. परीक्षा होती, तंत्रशाळा होती, आईचं काम होतं. आईनं टेबलाखालून तिचा हात दाबला. "घे," ती पुटपुटली, "माझ्यासाठी घे."

"मी बसणार नाही, बाई," शिडी म्हणाली. "स्कर्ट किती का लांब असेना."

आई घरापर्यंत पुढे पुढे चालत राहिली. स्वयंपाकही तिनं शिडीकडे पाठ करूनच केला. शिडीला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल, छाती फुगून येईल. तसं काही झालं नाही. आईच्या पाठीकडे बघून ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडतानाही तिला वाटत होतं की पुन्हा विचारलं तरी उत्तर हेच.

पुढचं एक आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून कुणी म्हणायचं की लपवलं. शाळेची ऑर्डर त्या कारखान्याकडून गेलीच. आईला पुढे चादरींच्या कारखान्यात काम मिळालं, पण मधे बरेच दिवस ओढाताणीत गेले, आणि घरातल्या तिघांनाही ते सोसावं लागलं. शिडीचे वडील ट्रकवर असायचे. ते सुट्टीवर आले तेव्हा सगळं ऐकून म्हणाले, पोरगी आईवर गेली आहे. त्यावर आई म्हणाली, मी कुठे कुणाला नाही म्हटलंय आयुष्यात? पण हे तिचं म्हणणं तोवर खोटं ठरलं होतं, आणि ते कसं तेच आता सांगायचं आहे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी शिडी गेली. जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं आणि जा असंही. जुना स्कर्ट, खाली तीच पट्टी, खिशात दोन पेनं. शाळेच्या पायऱ्यांवर पीटीच्या बाई उभ्या होत्या, शिपायानं मुलींची ओळ लावली होती. मुलं बाजूच्या दारानं केव्हाच आत गेली. शिपाई शिडीला म्हणाला, तुला ओळीत घ्यायचं नाही, वरून सांगितलंय. तर ती फाटकाच्या आतल्या बाजूला भिंतीशी उभी राहिली. लवंगी ओळीत शेवटी होती. ती ओळ सोडून शिडीशेजारी येऊन थांबली. शिडीनं तिला ढकललं, मूर्खपणा करू नको, तू जा, पेपर दे. लवंगी म्हणाली, ढकलू नको, पडेन मी.

ओळीत पहिली मॉनिटर होती. पट्टी उसवलेली, कपडे इस्त्रीचे, पॅड-पेन हातात. बाई म्हणाल्या, "चल, खाली." मॉनिटरनं पायरीकडे पाहिलं. मग मान वळवून भिंतीकडे, शिडीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. पट्टी पहिल्यांदा आपण उसवली हे तिला इतके दिवस खात असणार. तिनं मान हलवली, नाही म्हणून. बाईंनी पुन्हा सांगितलं. ती रडत रडत उभी राहिली, पण उभी राहिली. तिच्या मागची हलली नाही. तिच्याही मागची नाही. घंटा झाली, आणि अख्खी ओळ तिथेच.

कारखान्याला जाणाऱ्या बायका रोज शाळेच्या फाटकावरूनच जायच्या. त्या थांबल्या. त्यात शिडीची आई होती, डब्याची पिशवी हातात. तिला एका नजरेत सगळं कळलं. पाळीला उशीर झाला की मालक दारातून परत पाठवायचा, हे तिला माहीत होतं. ती फाटकातून आत आली आणि शिडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. शिडीकडे तिनं पाहिलं नाही, फक्त विचारलं, "पेनं आणलीस का?" शिडीनं मान डोलावली.

मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी ओळ पाहिली, आतल्या रिकाम्या बेंचांकडे पाहिलं, हातातलं घड्याळ पाहिलं. बाहेरून आलेले परीक्षक त्यांच्या मागे येऊन विचारत होते की मुली का येत नाहीत. मोठ्या बाईंनी पीटीच्या बाईंना हातानं बाजूला व्हायला सांगितलं आणि मुलींना म्हणाल्या, चला, आत चला. ओळ हलली नाही. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मग मोठ्या बाई शिडीला म्हणाल्या, "तूही ये."

आत जायला दहा पावलं होती. शिडीनं पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. आज अशी आत गेले, तिच्या मनात आलं, तर येत्या सोमवारी खालच्या वर्गाच्या मुली पुन्हा फरशीवर असतील, आणि मी तोवर शाळा सोडून गेलेली असेन.

"बाई, आधी म्हणा," ती म्हणाली. "यापुढे कुठल्याच मुलीला गुडघे टेकायला लावणार नाही, असं सगळ्यांसमोर म्हणा. मग येते."

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. वेळ जात होता. प्रत्येक मिनिट मुलींच्याच पेपरातून कापलं जात होतं, आणि ते ओळीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. शिडीला वाटलं आता आई दंडाला धरेल, म्हणेल, पुरे झालं, जा आत, मिळतंय ते पदरात पाडून घे. तिनं दंड आखडूनही घेतला.

आईनं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दोन पावलं पुढे झाली.

"म्हणा ना बाई," ती म्हणाली. "पोरींचा पेपर जातोय."

आणि मोठ्या बाईंना ते म्हणावं लागलं.